तेल लावून येऊ नये

कळंब,
६ फेब्रुवारी २०२५

चि. रुपालीस अनेक आशीर्वाद.

पाकीट बघून म्हणशील, ताईंचा मोबाईल विहिरीत पडला की काय. मोबाईल धडधाकट आहे. पण परवा मी फोनवर आईच्या स्वभावाबद्दल दोन शब्द बोलले आणि सुजितनं ते तिथल्या तिथं आईला म्हणून दाखवले, वर शेजारच्या शालनबाईंनाही ऐकवले. आई अजून माझ्याशी नीट बोलत नाही. कानावर पडेल ते आणि मनात येईल ते मोठ्यानं म्हणून टाकायचं ही त्याची अपघातानंतरची खोड, त्याला तो तरी काय करणार. पण दापोडीच्या तुमच्या एका खोलीत फोनवर मनातलं बोलायची सोय राहिली नाही. आईला वाचता येत नाही आणि तू मनातल्या मनात वाचतेस, म्हणून पत्र. अंगणवाडीतली पोरं खिचडी खाऊन पेंगली की मी लिहीत जाईन, तूही उत्तर देत जा.

मुद्द्याचं सांगते. चाकणच्या रस्त्यावर कंटेनरनं सुजितच्या मोटारसायकलला उडवलं त्याला वर्ष होत आलं. डोक्याचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, हातपाय चालतात. पण माणूस कुठं आहे? संक्रांतीला आले तेव्हा तो कोपऱ्यात बसून मटार सोलत होता आणि मी आत आल्यावर "ताई, बस" एवढंच म्हणाला. मला रडूच आलं.

आमच्या अंगणवाडीतल्या सुमनताईंच्या भाच्याला असाच डोक्याला मार होता. त्याला वाकडच्या एका केंद्रात न्यायचे. तिथं म्हणे ऑक्सिजनच्या बंद खोलीत बसवतात, आणि बाहेर आलं की लगेच डोक्याला नि हाताला बारीक सुया टोचतात. दोन्ही जोडीनं. तो पोरगा आता दुकान सांभाळतो. तू सुजितला तिथं ने. आढेवेढे घेऊ नकोस. दिवाळीला दारात गाडी थांबली की ज्याच्या आवाजानं सगळी आळी जागी व्हायची, तो माझा भाऊ मला परत पाहिजे.

पिंकीला गोड पापा.

तुझी
कुसुमताई


दापोडी,
२० फेब्रुवारी २०२५

ती. ताईंना रुपालीचा सा. नमस्कार.

तुमच्या शब्दाबाहेर नाही. वाकडला जाऊन आले. मोठमोठ्या इमारतींच्या मधे केंद्र आहे, आम्ही दोनदा पुढं जाऊन मागं आलो. तिथल्या डॉक्टर सायली माझ्याच वयाच्या असतील. सुया त्या स्वतः टोचतात, ऑक्सिजनवरही त्यांचीच देखरेख असते. त्यांनी आधीच सांगितलं की मी भरवसा देत नाही. कुणाला फरक पडतो, कुणाला पडत नाही, आणि पडला तर नेमका कशानं पडला हे छातीठोकपणे सांगता येत नाही. आपल्या मेंदूच्या डॉक्टरांना विचारलं तर तेही म्हणाले की करून बघा, पण फार आशा लावू नका. हे तुम्हाला लिहायला हवं म्हणून लिहिलं.

ऑक्सिजनची खोली म्हणजे लोखंडी डबा आहे, आत समोरासमोर बाकडी आणि भिंतीला गोल काचा. दार लावलं की आतली हवा दाबाची होते, कानांना दडे बसतात, घोट गिळत राहावं लागतं. मग तोंडाला मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन घ्यायचा. हे मला सोडून आत जायला तयार होईनात, पदराचं टोक धरून उभे राहिले. म्हणून मलाही सोबत बसवतात.

पण पहिल्या दिवशी आम्हाला परत पाठवलं. दारावर मोठा फलक आहे, "तेल, अत्तर, पावडर लावून येऊ नये." आत इतका ऑक्सिजन असतो की तेलाचा अंश असला तरी आग लागायची भीती. सुती कपडे तेच देतात. रोहिदास म्हणून तिथला माणूस आहे, तो प्रत्येकाच्या केसांतून हात फिरवतो. ह्यांच्या केसांतून फिरवला आणि स्वतःची बोटं पुसायला फडकं शोधायला लागला. आईंनी पहाटे वाटीभर तेल जिरवलं होतं. मी घरी येऊन सांगितलं तर म्हणाल्या, "लेकराच्या डोस्क्याला मार लागलाय, अन् तेल नाई लावायचं? कोण शिकवलं ह्यांना डाक्टरी?" दुसऱ्या दिवशी शिकेकाईनं दोनदा न्हाऊ घातलं तेव्हा आत घेतलं.

डॉक्टर म्हणतात, ह्यांना नावानं हाक मारत जा, त्यानं लक्ष वेधलं जातं. आईंसमोर मला नवऱ्याला नावानं हाक मारायची लाज वाटते. एकदा मारली तर आई भांडी घासायच्या थांबल्या. पण हे लगेच वळून हसले.

इकडं बाकी ठीक. हे चहा दिला की "बरा झालाय" म्हणतात. पिंकी संध्याकाळी ह्यांच्या मांडीवर बसून पाढे म्हणते. तिला हे पूर्वी कधी जमलं नव्हतं.

आपली
रुपाली


कळंब,
३ मार्च २०२५

चि. रुपालीस आशीर्वाद.

आईला माझा निरोप सांग, की तेलाची बाटली तिनं आपल्या डोक्याला बांधून घ्यावी, लेकाच्या डोक्याला हात लावू नये. हे त्याच्यासमोर वाचू नकोस, नाहीतर परत आईचं माझ्याशी बोलणं बंद.

तुझं पत्र वाचून मी आनंदात आहे. डॉक्टरलोक भरवसा देतच नाहीत, ते अंगावर घेत नाहीत कशाचं. फरक पडणार. इथं मी सगळ्यांना सांगून टाकलं की जत्रेला सुजित स्वतःच्या पायानं गाडी चालवत येणार. हसू नकोस, पायानं गाडी चालवत नाहीत हे मलाही कळतं.

एक विचारते, राग मानू नकोस. तुझ्या पत्रात आनंद दिसला नाही. चार लोकांत त्याला असं पदराला धरून न्यायची तुला लाज वाटते का? वाटत असली तरी गिळून टाक. नवरा आहे तुझा.

तुझी
कुसुमताई


दापोडी,
२९ मार्च २०२५

ती. ताईंना सा. नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. त्यांना नेण्याची मला लाज वाटत नाही. बसमध्ये लोक बघतात, बघू देत.

फरक पडतोय. शर्टाची बटणं आपली आपण लावतात. स्टॉपवर उभे असताना लांबून येणाऱ्या बसचा नंबर वाचून दाखवतात. सुया टोचताना डॉक्टर सायली विचारतात, आज काय जेवलात, तर पूर्वी "जेवलो" म्हणायचे, आता भाजीचं नाव सांगतात. डॉक्टर हे ऑक्सिजनमुळे की सुयांमुळे की नुसत्या दिवसांमुळे ते सांगत नाहीत, पण त्यांना बरं वाटलेलं दिसतं.

आणि पंधरा दिवसांमागं ह्यांचा आवाज चढला. चहा निवला होता. हे ओरडले, "गरम देता येत नाही?" अगदी पूर्वीच्या सुरात, तोच मधला शब्द दाबून. आईंना इतका आनंद झाला की त्यांनी देवापुढं साखर ठेवली आणि शालनबाईंनाही चिमूटभर दिली. "आलं माझं लेकरू परत," म्हणाल्या. पिंकी कपाटाच्या मागं जाऊन उभी राहिली होती. तिला मी बाहेर काढलं. साखर मीही खाल्ली.

त्यानंतर मात्र बरेच खाडे पडले. आई ऐकत नाहीत, परत तेल लावतात. रोहिदास केसांत हात घालतो आणि नुसता माझ्याकडं बघतो. ऑक्सिजन नाही तर सुयाही नाहीत, डॉक्टरांना दोन्ही लागोपाठच हवं असतं. मग आम्ही तसेच परत येतो. येताना हे खिडकीशी बसतात.

माझा डावा कान दाबाच्या हवेत फार दुखतो. डॉक्टरांनी आत बॅटरी मारून पाहिला आणि म्हणाल्या की पडद्यावर जुना व्रण दिसतो, कधी फाटला होता का. मी नेहमीचंच सांगितलं, मळ काढताना टाचणी लागली होती.

आपली
रुपाली


कळंब,
१९ एप्रिल २०२५

रुपाली,

आईशी बोलले. भावकीतल्या लग्नाला ती इकडं आली होती, माझ्याकडंच उतरली. मी तेलावरून तिला फैलावर घेतलं तर ती ढसाढसा रडली. पिंकीची शपथ घेऊन म्हणाली की त्या पहिल्या दिवसानंतर तिनं त्याच्या केसांना हात लावलेला नाही. म्हणाली, "रुपालीच लावती. मी बघितलंय. गाडीची येळ झाली की बाटली काढती अन् मला म्हनती, आई, तुमी गप बसा." इतके दिवस ती बघूनही गप्प होती, मी खोदून विचारलं म्हणून बोलली.

आता तू मला सांग हे काय आहे. माझ्या भावाला बरं व्हायला मिळतंय आणि तू ते अडवतेस? वर म्हाताऱ्या सासूच्या माथी मारतेस? सुमनताईंना मी रोज त्याची खुशाली सांगते, माझी मलाच शरम वाटायला लागली आहे. का तुला तो असाच बरा वाटतो? मटार सोलणारा, विचारलं तेवढं बोलणारा, मुठीत राहणारा? बायका नवऱ्यासाठी काय काय करतात, आणि तू त्याच्या डोक्यावर तेल ओततेस.

खरं असेल ते लिही. खोटं असेल तर तसं लिही, मी आईला बघून घेईन.

कुसुम


दापोडी,
२७ एप्रिल २०२५

ती. ताईंना सा. नमस्कार.

आईंनी सांगितलं ते खरं आहे. तेल मी लावते.

हे लिहून मी तास झाला बसून आहे, पुढचं लिहवत नाही. आईंवर घातलं याची मला जास्त लाज वाटते. त्या सगळं बघत होत्या, आणि मी पत्रात त्यांचं नाव लिहिताना त्या माझ्या शेजारी तांदूळ निवडत होत्या.

तुम्ही विचारलंत, मला ते असेच बरे वाटतात का. हो, वाटतात. ताई, मी ह्यांना आता सुजित म्हणते. आईंसमोर नाही, आम्ही दोघं असलो की. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि नवऱ्याच्या नावाला मी आता कुठं सरावले आहे. संध्याकाळी पावलं वाजली की मी हातातलं काम टाकून उभी राहायचे, आता राहत नाही. कंपनीत सुपरवायझर बोलला की त्या दिवशीची भाजी खारट निघायची, तुम्हाला माहीत आहे. पिंकी कपाटाच्या मागची जागा विसरली होती. त्या चहाच्या दिवशी तिला ती बरोबर सापडली, आता तर तिथं मावतही नाही.

त्या रात्री आईंची साखर तोंडात होती आणि मनात आलं, हे इथंच थांबावं. एवढेच बरे राहावेत. बटणं लावतील, बसचा नंबर सांगतील, बास. ज्या माणसाला मरता मरता वाचवलं त्याच्याबद्दल मी असा विचार करते. डॉक्टर सायलींना मी आडून विचारलं, की बरं होताना जुना स्वभावही परत येतो का. त्या म्हणाल्या, असं काही ठरलेलं नाही, मारामुळं स्वभाव बदलतो, पुढं काय राहील ते कुणी सांगू शकत नाही. मग दुसऱ्या दिवशी मी बाटली काढली. हे माझ्यापुढं मान वाकवून बसले, काही विचारलं नाही. मी तेल चोळत होते आणि माझ्याच हातांची मला किळस येत होती. माणूस आंधळ्यासारखा विश्वास टाकून बसतो आणि आपण त्याचं बरं होणं बोटांनी पुसतो.

रोहिदासला कळलं असणार. रोज वेगळं कारण सांगते, तो ऐकून घेतो.

कानाचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. टाचणी कुठून आली ते तुम्हाला ठाऊक आहे.

तुम्ही माझं तोंड बघणार नसाल तर मला समजेल.

रुपाली


कळंब,
६ मे २०२५

चि. रुपाली,

तुझं पत्र अंगणवाडीत वाचलं. पोरं जागी होती, एकीनं विचारलं, बाई का रडता. तिला काय सांगणार.

टाचणी माझी आहे. त्या दिवाळीत तू कान धरून चुलीपुढं बसली होतीस आणि सुजित बाहेर फटाके लावत होता. मी सगळं ऐकलं होतं. तुला दवाखान्यात नेताना रिक्षात मीच म्हणाले, मळ काढताना टाचणी लागली म्हण, घराची अब्रू जाते. आणि घरी येऊन तुझ्या कानात कोमट तेल घालत होते. डॉक्टरांनी घालू नका सांगितलं तरी घातलं, कारण मला काहीतरी केल्यासारखं वाटायला हवं होतं. पोरीबाळींना शहाणं करायचा पगार घेते मी, आणि घरात हे. मागच्या पत्रात तुझा कान वाचला आणि मी तो वगळून तेलावरून तुला झोडपलं. मला लाज वाटते, रुपाली. लहान भावाला मीच वाढवलं, त्याचा आवाज म्हणजे आपल्या घराचा रुबाब असं मीच समजत आले.

तुला आता मी काही सांगणार नाही. नेऊ नकोस म्हणणार नाही, ने म्हणणार नाही. एवढंच लिहून देते, की त्यानं उद्या हात उचलला तर तू आणि पिंकी माझ्याकडं यायचं, आणि त्याला दारात मी उभी दिसेन. हे आईलाही वाचून दाखव. सुजितसमोर दाखवलंस तरी चालेल, त्याला सगळ्या आळीला म्हणू दे.

अंगणवाडीला आता सुट्टी लागते आहे. तू ये म्हणालीस तर येईन. नाही म्हणालीस तर येणार नाही.

कुसुमताई


दापोडी,
१४ मे २०२५

ती. ताईंना सा. नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी घडलं ते लिहिते.

आदल्या दिवशी मी आईंना पत्र वाचून दाखवलं. मग मी त्यांची माफी मागितली तर म्हणाल्या, "मला बी ऐकू येत हुतं तवा. भिंत का काय लई जाड हुती?" एवढंच. मी ठरवलं होतं की आता लपवाछपवी नको, न्यायचं तर नीट न्यायचं. तेलाची बाटली मांडणीच्या वर, डब्यांच्या मागं ठेवून दिली. आईही म्हणाल्या, मी येते वाकडला, तेलाचं पाप माझ्या डोक्यावर नको.

सकाळी मी पिंकीची वेणी घालत होते. सुजितनं स्टूल ओढलं, वर चढून डबे बाजूला केले आणि बाटली काढली. माझ्यापुढं येऊन मान वाकवून बसला आणि बाटली मागं धरली. "लाव," म्हणाला.

मी म्हणाले, आज नाही लावायचं, आज जायचंय.

तो म्हणाला, "लाव. लावलं की परत पाठवतात."

ताई, त्याला सगळं कळत होतं. मला वाटत होतं मी फसवते आहे, आणि तो समजून उमजून मान पुढं करत होता. मी विचारलं, तुला जायचं नाही का. मग पिंकीकडं बघून म्हणाला, "मी ओरडलो. ती कपाटामागं गेली."

मी बाटली त्याच्या हातातून काढून घेतली. आई दाराकडं तोंड करून उभ्या राहिल्या. मला वाटलं होतं की जगात सगळ्यात जास्त शरम मला वाटते आहे. इतके दिवस मी ह्या माणसाच्या बरं होण्याला भीत होते आणि तो माझ्याही आधीपासून भीत होता.

तेल लावलं नाही. न्हाऊ घातलं, खसाखसा दोनदा. आणि निघालो.

केंद्रात रोहिदासनं केसांतून हात फिरवला, बोटं चोळून पाहिली आणि मान हलवली. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "वहिनी, डॉक्टरांनी विचारायला सांगितलंय, तुमच्या कानाचं कसं आहे? टाचणीचं ते जुनं दुखणं अजून त्रास देत असेल तर तुम्ही आत बसू नका." बाकड्यावर पाचसहा माणसं, त्यांचे सोबती, डॉक्टर सायली जिन्यातून खाली येत होत्या. मी हो म्हणायला तोंड उघडलं.

सुजित म्हणाला, "टाचणी नाही. मी मारलं." तुम्हाला त्याचं मोठ्यानं बोलणं माहीत आहे. सगळा हॉल ऐकत होता. मग उजवा हात वर करून सगळ्यांना दाखवला, शाळेत पोरं दाखवतात तसा. "ह्या हातानं. हिला आत नेऊ नका. हिचा कान दुखतो."

एका बाईनं आपल्या नवऱ्याकडं पाहिलं आणि परत खाली पाहिलं. आईंनी पदर तोंडावर घेतला. मला वाटलं होतं की ही गोष्ट कधी चारचौघांत निघाली तर मी मरून जाईन. मी मेले नाही. तोंड तापलं, एवढंच. डॉक्टर सायली खाली आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला म्हणाल्या, "सुजित, एकटे बसाल आत?" त्यानं माझा पदर सोडला.

तो एकटा आत गेला. गोल काचेतून मला त्याचा मास्क लावलेला चेहरा दिसत होता. कान बंद झाले की घोट गिळायचा हे मी त्याला बाहेरून गळ्याला हात लावून दाखवत होते आणि तो गिळत होता. नंतर वरती डॉक्टरांनी त्याच उजव्या हाताला सुया लावल्या. त्यानं तो पुढं केला आणि सुया निघेपर्यंत हलवला नाही.

मला ठाऊक नाही, ताई. हा पस्तावा आहे की डोक्याचा मार बोलतो आहे, मला ओळखता येत नाही. मनात येईल ते म्हणून टाकतो, त्यात हेही आलं असेल. उद्या आणखी बरा झाला की गप्प बसायला शिकेल, आणि मग काय. मला भीती वाटते, ती गेलेली नाही. पण आम्ही जातो आहोत. आईंना डॉक्टरांनी सरळ सांगितलं की ह्यांचा हात उठला तर लगेच केंद्रात कळवायचं, आणि आई व्हय म्हणाल्या.

तुम्ही या. पिंकी वाट बघते आहे. येताना तेल आणलंत तरी चालेल, आईंच्या केसांना हवं आहे. एकच मागते. माझ्या कानाला काय झालं असं कुणी विचारलं, शालनबाईंनी, डॉक्टरांनी, पुढं कधी पिंकीनं, तर तुम्ही टाचणी म्हणू नका.

आपली
रुपाली